उजव्या कोपऱ्यातला जांभळा डाग

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता, हे मी आजही कोणी न विचारता सांगते. कौतुक करून घ्यायला मला आवडतं. तेव्हाही आवडायचं, पण तेव्हा कौतुक करणारं माणूसच घरात उरलं नव्हतं. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. डोंबिवली पूर्वेच्या त्या वन रूम किचनमध्ये मी आणि बाबा अशी दोनच माणसं, आणि दोघंही तिरसट. आई होती तोवर ती मधे पडायची. ती गेल्यावर आमचं भांडण सुरू झालं की संपायचं कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बाबा कंपोझिटर. ठाण्याला चरईतल्या एका छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य शिशाचे खिळे जुळवण्यात घालवलं. एकेक अक्षर उचलायचं, ओळ भरायची, ओळीखाली ओळ लावायची. उलटी अक्षरं ते आपण सुलटी वाचतो त्यापेक्षा भराभर वाचायचे. मग नव्वदनंतर सगळीकडे झालं तेच तिथेही झालं. कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, छापखान्याला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी बाबा मालकाकडून एक स्टिक मागून घेऊन आले. स्टिक म्हणजे हातात धरून ओळ जुळवायची ती लोखंडी पट्टी. ती त्यांनी घरातल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि खिडकीत बसायला लागले.

आई तेव्हा होती. ती म्हणायची, "अहो, कॉम्प्युटरवर तर कॉम्प्युटरवर. शिका की! अक्षरं तीच आहेत ना?" बाबा नुसतं 'हं' म्हणायचे. ती असेपर्यंत त्यांनी तिचं ऐकलं नाही. ती गेल्यावर एक दिवस माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या क्लासात शिकवतात तसला एक, घरी जोडता येईल का गं?"

मी तेव्हा कल्याणला हार्डवेअरचा कोर्स करत होते. अख्ख्या बॅचमध्ये मुलगी मी एकटी. सुरुवातीला मुलं हसायची, "मॅडम, स्क्रू टाइट होतोय का?" वगैरे. मी दोघा-तिघांना असं काही सुनावलं की नंतर मला स्क्रू ड्रायव्हर विचारून घ्यायला लागले.

बाबांनी विचारलं त्यामागे कारण होतं. ठाण्याच्या दुसऱ्या एका छापखान्याचे मालक त्यांना जुने ओळखत होते. एका शाळेची स्मरणिका त्यांच्याकडे आली होती. ते बाबांना म्हणाले होते, "सोळा पानं नमुना म्हणून करून आणा, वसुबारसेपर्यंत. पसंत पडली तर सगळी स्मरणिका तुमची आणि पुढचं कामही तुमचं. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. कल्याणचा एक मुलगा आहे, तो झटपट करून देतो." नाही जमलं तर काय, तेही ठरलेलं होतं. शेजाऱ्यांनी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर बसायचं काम बाबांसाठी बघून ठेवलं होतं. काम वाईट नव्हतं. पण त्या कामात अक्षरं नव्हती, आणि अक्षरांशिवाय माझे बाबा कसे दिसतात ते मी खिडकीत रोज बघत होते.

सुटे भाग ठाण्याहून आणले. शीळफाट्याच्या रस्त्याने टेम्पोत, मांडीवर चौदा इंची मॉनिटर धरून. प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरवर ओरडत होते आणि तो म्हणत होता, "ताई, रस्ता काय मी केलाय?"

खंडेनवमीला सकाळी मी सगळं जोडलं. टेबल एकच, भिंतीला लावलेलं, कारण अर्थिंगचा पॉइंट त्या एकाच भिंतीला. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात आईचा रेडिओ. जुना, लाकडी खोक्याचा, चांगला जड. ती पहाटे सहाला तो लावायची आणि बातम्या संपेपर्यंत तिच्या पोळ्या झालेल्या असायच्या. कणकेच्या हातानेच बटण फिरवायची. त्या बटणाच्या खाचांमध्ये वाळलेली कणीक अजून तशीच होती. बाबा रोज सहाला बटणाच्या कडेला दोन बोटं लावून तो लावायचे, खाचांना धक्का न लावता. रेडिओ उजवीकडे बोटभर सरकवून मी मॉनिटर बसवला. कॅबिनेट आडवा, झाकण उघडं ठेवून मी मराठी फॉन्टची फ्लॉपी आणायला सरांकडे कल्याणला गेले.

परत आले तर घरात उदबत्तीचा वास. बाबांनी पूजा केली होती. दरवर्षी खंडेनवमीला आई हत्यारांची पूजा करायची. विळी, पक्कड, तिची कात्री, बाबांची स्टिक. बाबांचं काम फक्त टोपी घालून उभं राहायचं आणि नंतर खीर खायची. मागच्या वर्षी घरात सण नव्हता. या वर्षी त्यांनी एकट्याने सगळं मांडलं होतं. पाटावर स्टिक, स्टिकशेजारी माझे स्क्रू ड्रायव्हर ओळीने, आणि टेबलावर कॅबिनेटला हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची फुलं, अक्षता. कुंकू जरा जास्तच ओलं झालं होतं, ओघळलं होतं.

"जमलं का?" त्यांनी विचारलं.

"छान केलंत," एवढंच मी म्हणाले. फुलं उचलली, झाकण बसवलं, चार स्क्रू आवळले. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, झाकण लावायच्या आधी आत बघायचं. मी बघितलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, काय बघणार?

दसऱ्याला मुहूर्ताने सुरू केला. चालू झाला! बाबांनी हात जोडले. मग मान तिरकी करून म्हणाले, "हा काय डाग गं?" पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात वांग्यासारखा जांभळा पट्टा होता, कडेला हिरवा.

"नवीन आहे. जाईल हळूहळू," मी ठोकून दिलं. नवी चप्पल चावते, मग बसते, तसं काहीतरी मला वाटलं असावं.

डाग परवडला, पण पुढचं भयंकर होतं. बाबा टायपिंगला बसले की पंधरा-वीस मिनिटांत मशीन जागच्या जागी थिजायचं. माउस हलेना, अक्षर उमटेना. बंद करून पुन्हा लावायचं, तोवर केलेलं सगळं गायब. बाबांना मराठी कीबोर्ड नवीन. त्यांचा हात आधी हवेत जायचा, जिथे खिळ्यांच्या पेटीत 'क' चा खण असायचा तिकडे, आणि मग ओशाळून खाली यायचा. अशा रीतीने अर्धं पान व्हायला दुपार जायची, आणि ते अर्धं पान जायचं.

"खिळे एकदा जुळवले की जुळवले," ते म्हणाले. "असं ओळीच्या ओळी नाहीशा होत नव्हत्या कधी."

"सेव्ह करा म्हणून कितीदा सांगितलं?"

"केलं होतं."

"नव्हतं केलं!"

असं आमचं रोज. मी रॅम काढून खोडरबराने घासली. केबली बदलल्या. स्टॅबिलायझर आणला. सरांकडून दुसरी रॅम उसनी आणून लावून बघितली. ढिम्म फरक नाही. एका शुक्रवारी तर मी इतकी कावले की बाबांना म्हणाले, "तुम्हीच काहीतरी भलतं दाबता." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या दिवशी कीबोर्डला शिवले नाहीत. दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी जाते ती लाइटही नेमकी थोड्या वेळाने गेली, त्यामुळे सबब मिळाली दोघांनाही.

सरांना डागाचंही सांगितलं. ते म्हणाले, "मॉनिटरजवळ स्पीकर आहे का एखादा?"

"नाही सर, घरात स्पीकरच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

मशीन का थिजतं ते शेवटी असं कळलं. मी रोज झाकण उघडत होते, पण प्लग काढून. शहाणीसारखी! बंद मशीनमधला पंखा बंदच असणार, त्यात बघायचं काय? त्या दिवशी वैतागून झाकण उघडंच ठेवून चालू केलं. प्रोसेसरवर एक छोटा पंखा असतो, त्याला थंड ठेवायला. तो फिरतच नव्हता. नुसता थरथरत होता. त्याखालच्या पत्र्याला बोट लावलं तर चटकाच बसला. बंद करून, केसांतला आकडा काढून मी पंख्याच्या पात्याखाली घातला. बाहेर काय आलं? तांदळाचा दाणा. लाल. कुंकवाने चिकटून पक्का बसलेला. आणखी दोन आत, कार्डाच्या खाली.

मी तो दाणा तळहातावर घेऊन बाबांसमोर धरला. दहा दिवसांचा राग होता, सगळा जिभेवर आला होता. बाबांनी दाण्याकडे बघितलं आणि एकदम लहान झाले.

"तुझी आई तर छापखान्यात पूजेला यायची तेव्हा खिळ्यांच्या पेटीवर मूठभर टाकायची," ते म्हणाले. "म्हणून मी पण मूठभर..."

मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. अक्षता मोजून टाकायच्या असतात असं त्यांना कोणी सांगायचं? आणि झाकण तर मीच लावलं होतं. तो दाणा मी फेकला नाही, खणात स्टिकजवळ ठेवला. पंखा भर्रकन फिरला आणि मशीन पुन्हा म्हणून थिजलं नाही.

पाच दिवसांत बाबांनी सोळा पानं केली. फ्लॉपी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्याला गेले. दुपारी परत आले ते चप्पल न काढता खुर्चीत बसले. हातात छापून काढलेली पानं. मी बघितली. प्रत्येक पानावर उजवी कड वेडीवाकडी. वरच्या काही ओळींमध्ये शब्दाशब्दांत ही मोठी भगदाडं, खालच्या ओळी ठीक.

"हे काय केलंत?"

"मी सरळच केलं होतं," बाबा म्हणाले. "एकेक ओळ बघून सरळ केली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओळीची कड सरळ करायचं काम मशीन आपोआप करतं, हे मी त्यांना शिकवलं होतं. पण ओळ कुठे सैल, कुठे घट्ट, हे यंत्राला काय कळतं, असा त्यांचा बाणा. खिळ्यांत जशा शब्दांमध्ये शिशाच्या कोऱ्या पट्ट्या घालून ओळ ताणायची, तसे त्यांनी हाताने स्पेस दाबून दाबून प्रत्येक ओळ डोळ्याने कडेला भिडवली होती. आणि पडद्यावर, जिथे तो जांभळा डाग होता, तिथे ओळी मुळात वाकलेल्याच दिसत होत्या. मला ते वाकणं कधी जाणवलंही नव्हतं. उभ्या आयुष्यात ज्यांनी एक ओळ तिरकी जाऊ दिली नाही, त्यांनी वाकडी दिसणारी सरळ ओळ प्रामाणिकपणे वाकडी करून ठेवली होती.

"मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, वय झालं की नजर जाते. वसुबारसेला अजून तीन दिवस आहेत म्हणाले. पण ते बोलायचं म्हणून."

मी तडक टेबलाकडे गेले. डाग कशाने पडतो? व्होल्टेज? प्लग बदलून बघू म्हणून मागे हात घालायला मी रेडिओ उचलला, आणि डाग हलला. माझ्या डोळ्यांदेखत. रेडिओ लांब नेला की डाग आक्रसायचा, जवळ आणला की पसरायचा. स्पीकर! रेडिओच्या पोटात एवढा मोठा स्पीकर, त्याच्या मागे हे एवढं लोहचुंबक. आणि मी सरांना सांगून आले होते, घरात स्पीकरच नाही. तो आमच्या घरात वस्तू म्हणून नव्हताच ना. तो आईचा रेडिओ होता.

"बाबा, रेडिओ इथून हलवायला लागेल." मी सगळं समजावून सांगितलं.

"मग मॉनिटर हलव."

"कुठे हलवू? डोक्यावर घेऊ? पॉइंट एकच आहे."

"रेडिओ तिथेच राहील."

"अहो, कपाटावर ठेवू. दोन हातांवर तर कपाट आहे!"

"ती तिथे ठेवायची," बाबा म्हणाले.

यापुढे गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आई मला उगाच म्हणायची नाही. मी म्हणाले, "ठेवा मग तिथेच! रेडिओ तिथे आहे म्हणून आई काही ऐकायला परत येत नाही. जा, बसा कंपनीच्या गेटवर रेडिओ घेऊन."

बाबा उठले आणि बाहेर गेले. संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन आले, ती निवडली, मी केलेली भाजी खाल्ली. मला माझं थोबाड फोडून घ्यावंसं वाटत होतं. 'चुकले' म्हणणं सोपं असतं असं लोक म्हणतात. मला ते तेव्हा आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सहाला रेडिओचा आवाज आला आणि मी दचकून उठले, कारण तो चुकीच्या दिशेने येत होता. स्वयंपाकघरातून. बाबांनी तो एकट्याने उचलून ओट्यावर, गॅसशेजारी नेऊन ठेवला होता. ते त्याच्यापाशी उभे होते. खाचांमधली कणीक तशीच होती. एवढं जड धूड त्यांनी बटणांना धक्का न लावता कसं नेलं कोण जाणे.

"बघ आता डाग जातो का," माझ्याकडे न बघता म्हणाले.

नुसता रेडिओ हलवून डाग लगेच जात नाही. मॉनिटर बंद करून, थोडं थांबून पुन्हा लावायचा. लावताना तो थण्ण करून आवाज करतो आणि दर थण्णला डाग थोडा उतरतो. पहिल्या खेपेला जांभळ्याचा गुलाबी झाला. दुसऱ्या खेपेला नुसती सावली राहिली. तिसऱ्या खेपेला कोपरा पांढराशुभ्र.

"गेला," बाबा म्हणाले.

मला हुश्श वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टेबलाचा उजवा कोपरा रिकामा होता आणि तिथे धूळ नसलेला एक स्वच्छ चौकोन दिसत होता. आई गेली त्या दिवशी मी रडले नव्हते इतकी मी त्या चौकोनाकडे बघून न्हाणीघरात जाऊन रडले. बाबांनी ऐकलं असणार. त्यांनी रेडिओ मोठा केला.

उरलेल्या दोन दिवसांत त्यांनी सोळाच्या सोळा पानं पुन्हा बांधली. हाताने स्पेस देणं काही सोडलं नाही, पण आता ओळ जशी होती तशी दिसत होती. वसुबारसेला ठाण्याहून आले ते जिना चढतानाच त्यांची चाहूल वेगळी. "मालकांनी पट्टी लावून बघितली," ते म्हणाले. "म्हणाले, हे खिळ्यांवर हात बसलेल्या माणसाचं काम आहे." स्मरणिका मिळाली होती. मग पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "ती म्हणालेली. अक्षरं तीच आहेत."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी मॉनिटर लावला तर उजव्या कोपऱ्यात फिकट गुलाबी सावली. माझी चिडचिड जिभेपर्यंत आली. मग लक्षात आलं. बाबा रात्री मी झोपले की रेडिओ परत टेबलावर आणून ठेवत होते. सकाळी सहाच्या बातम्या तिथेच ऐकायचे आणि मी उठायच्या आधी तो ओट्यावर नेऊन ठेवायचे. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. रोज ते अंघोळीला गेले की मी मॉनिटर बंद करून लावायची, बंद करून लावायची, कोपरा पांढरा होईपर्यंत. ते बसायचे तेव्हा त्यांच्या ओळी सरळ असायच्या. किती वर्षं आम्ही दोघांनी हे केलं, आणि त्यावर एकदाही बोललो नाही.

बाबाही गेले आता. तो मॉनिटर भंगारात गेला. मी टिटवाळ्याला राहते, माझ्या टेबलावर पातळ सपाट स्क्रीन आहे. रेडिओ माझ्याकडेच आहे. वाजत नाही, पण खाचांमध्ये कणीक आहे. असल्या स्क्रीनवर लोहचुंबकाचा काही परिणाम होत नाही, हे माझ्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार? तरी खंडेनवमीला पूजा झाली, स्टिकवर अक्षता टाकून झाल्या की मी रेडिओ उचलते, स्क्रीनच्या उजव्या कडेला अगदी चिकटवून ठेवते आणि समोर बसते. बराच वेळ बसते. कोपरा पांढराच राहतो.